छोट्या गावाचा हवामान अंदाज आणि जुना रेकॉर्ड नीट कसा काढायचा, कसा वाचायचा

मोबाईलवर गावाचं नाव टाकलं की तापमान, पाऊस, वारा सगळं तासातासाचं समोर येतं, त्यामुळे वाटतं की गावात कुठेतरी मशीन बसवलंय आणि तिथून हे आकडे येतायत. बहुतेक छोट्या गावांत असं काहीच नसतं. खरं हवामान केंद्र असतं दूर कुठेतरी, आणि ॲपमधला आकडा असतो कॉम्प्युटर मॉडेलचा. मॉडेल सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि एकेका चौकोनासाठी गणित करतं, आपलं गाव ज्या चौकोनात पडतं त्याचा आकडा आपल्या गावाच्या नावाने दाखवला जातो. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, जर्मनीच्या आयकॉनचाही जागतिक पातळीवर तेवढाच, आणि युरोपियन सेंटरचं जे ईसीएमडब्ल्यूएफ मॉडेल आहे त्याचा ९ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका चौकोनात टेकडी, दरी, तळं आणि पाच-दहा गावं आरामात बसतात आणि सगळ्यांना एकच आकडा मिळतो. तो टाकाऊ नसतो, पण कच्चा असतो, आणि आपल्या गावापुरता दुरुस्त करून घेतला की बराच कामाला येतो. ते काम थोडं चिकाटीचं आहे, अवघड अजिबात नाही.

पायरी १: आधी ठिकाण पक्कं करा

नावावर विसंबू नका. एकाच नावाची चार गावं असतात, आणि ॲपला गाव सापडलंच नाही तर ते गुपचूप जवळच्या शहराचा अंदाज दाखवतं, वर नाव मात्र तुम्ही टाकलेलंच ठेवतं. नकाशाच्या ॲपमध्ये आपल्या गावावर बोट दाबून धरा, दोन आकडे येतील, पहिला अक्षांश दुसरा रेखांश, ते कॉपी करून ठेवा. दशांश चिन्हानंतर दोन अंक घेतले तरी साधारण एक किलोमीटरपर्यंत ठिकाण बरोबर येतं, हवामानासाठी तेवढं पुरे. क्रम उलटा करू नका, नाहीतर गाव समुद्रात किंवा दुसऱ्याच देशात निघेल.

मग समुद्रसपाटीपासूनची उंची शोधा. ही गोष्ट जवळजवळ कोणीच बघत नाही आणि तापमानातला सगळ्यात मोठा घोळ इथेच असतो. हवेचं तापमान सरासरी दर किलोमीटर उंचीला ६.५ अंश सेल्सिअसने कमी होतं. मॉडेलच्या चौकोनाची सरासरी उंची ४०० मीटर आहे आणि तुमचं गाव ७०० मीटरवर आहे, तर नुसत्या उंचीमुळे साधारण दोन अंशांचा फरक पडणार. काही साइट्स हा फरक स्वतःच दुरुस्त करतात, ओपन-मेटिओ उंचीचा बारीक नकाशा वापरून करते, सगळ्याच ॲपमध्ये होतं असं नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा, गाव दरीत किंवा खोलगट जागी असेल आणि रात्र निरभ्र, वारा नसलेली असेल तर हे गणित उलटं फिरतं. थंड हवा जड असते, ती उतारावरून सरकून खाली साचते, त्यामुळे खालचं गाव वरच्या टेकडीपेक्षा जास्त गारठतं, आणि मॉडेलच्या चौकोनात ती दरी सपाट झालेली असल्यामुळे त्याला हे दिसतच नाही.

पायरी २: अंदाज एका ठिकाणी बघू नका, पण दहा ॲपही नकोत

लोक पाच ॲप टाकतात आणि पाचांपैकी तिघांनी पाऊस सांगितला म्हणून खूश होतात. त्या तिघांच्या मागे एकच मॉडेल असू शकतं, मग तो एकाच माणसाला तीनदा विचारल्यासारखा प्रकार झाला. ॲप मोजू नका, मॉडेल मोजा. विंडी नावाच्या हवामानाच्या साइटवर खालीच मॉडेल बदलायची सोय असते, ईसीएमडब्ल्यूएफ, जीएफएस, आयकॉन असं एकेक करून आपल्या ठिकाणचा अंदाज बघा. तिन्ही वेगवेगळी मॉडेल्स एकच सांगत असतील तर भरवसा वाढवा, एक म्हणतंय ४० मिलिमीटर आणि दुसरं म्हणतंय २, तर परिस्थिती अजून ठरलेली नाही एवढाच त्याचा अर्थ घ्या आणि संध्याकाळी परत बघा.

कधी बघायचं याचंही एक गणित आहे. मोठी मॉडेल्स दिवसातून चार वेळा नव्याने चालवली जातात, जीएमटी म्हणजे ग्रीनिचच्या वेळेनुसार (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ०, ६, १२ आणि १८ वाजता, आणि आकडे बाहेर यायला त्यानंतर काही तास जातात. त्यामुळे दर तासाला ॲप उघडून काही नवीन हाती लागत नाही, सकाळी एकदा संध्याकाळी एकदा पुरेसं आहे.

आणि वादळ, पूर, वीज, उष्णतेची लाट असं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि सरकारी हवामान खात्याचा इशारा बघा. तिथे माणसं बसून रडार, सॅटेलाइट, मॉडेल सगळं एकत्र बघत असतात, आपण घरी बसून त्यांच्यावर कडी करायला जाऊ नये.

पायरी ३: किती दिवस पुढचं खरं मानायचं

पुढचे काही तास हे रडार आणि सॅटेलाइटचं काम. एक ते तीन दिवस मॉडेलचा अंदाज कामाचा असतो. चार ते सात दिवसांत फक्त कल बघायचा, म्हणजे गरम होतंय की गार, ओलं की कोरडं, मंगळवारी चार वाजता पाऊस वगैरे नाही. त्यापुढे एकेरी आकडा बघूच नका. वातावरणात सुरुवातीची बारीकशी चूक वाढत वाढत साधारण दोन आठवड्यांत सगळा अंदाज गिळून टाकते, एडवर्ड लॉरेंझने १९६३ साली गणिताने दाखवून दिलं होतं की अशा व्यवस्थेत हे का होतं. त्यामुळे ४५ दिवसांचा किंवा ९० दिवसांचा रोजचा अंदाज देणारं ॲप दिसलं की समजून जा, त्या तारखांना आजवर सरासरी काय होत आलंय तेच थोडं हलवून तुम्हाला दाखवतायत.

पायरी ४: टक्के आणि मिलिमीटर वेगवेगळे वाचा

पावसाची शक्यता ३० टक्के याचा अर्थ ३० टक्के वेळ पाऊस किंवा ३० टक्के गावात पाऊस असा होत नाही. अशी परिस्थिती दहा वेळा आली तर त्यातल्या तीन वेळा तुमच्या ठिकाणी पाऊस पडेल, असा त्याचा अर्थ. म्हणून ३० टक्के सांगून पाऊस आला तर अंदाज चुकला असं म्हणता येत नाही, आणि नाही आला तर बरोबर आला असंही नाही.

किती पडेल हा आकडा वेगळा असतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, म्हणजे १० मिलिमीटर झाला तर एका हेक्टरवर एक लाख लिटर. टक्के ९० आणि पाऊस १ मिलिमीटर असेल तर नक्की येणार पण जमीन जेमतेम ओली होणार, आणि टक्के २० पण आला तर ५० मिलिमीटर असा प्रकार असेल तर बेत आखताना दुसऱ्यालाच जास्त भ्यायचं.

हे टक्के येतात कुठून तर एन्सेम्बलमधून. मॉडेल एकदा न चालवता सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अनेकदा चालवतात, ईसीएमडब्ल्यूएफ ५१ वेळा, जीएफएसचं ३१ वेळा. एन्सेम्बलचा आलेख बघायला मिळाला तर जरूर बघा. त्यात दर वेळच्या अंदाजाची एक रेषा असते, सगळ्या रेषा गुंतून एकत्र चालल्या असतील तोवर अंदाज भक्कम, जिथे त्या पिसाऱ्यासारख्या फाकतात तिथून पुढे अंदाज संपला. मला तरी दहा ॲपपेक्षा हा एक आलेख जास्त उपयोगी वाटतो.

पायरी ५: आज दुपारचं काय

इथे मॉडेल सोडा आणि रडारचं हलतं चित्र बघा. ढगाचा ठिपका अर्ध्या तासात २० किलोमीटर सरकला असेल तर वेग ताशी ४०, तुमच्यापासून ६० किलोमीटरवर असेल तर दीड तास, इतकं साधं गणित. मात्र उन्हाळी गडगडाटी ढग जागेवरच जन्मतात आणि तासाभरात विरतात, तिथे हे गणित फसतं. दुसरं म्हणजे रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते, अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला झोत १०० किलोमीटरवर जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर आणि २०० किलोमीटरवर चार किलोमीटर वर असतो, त्यामुळे गाव रडारपासून लांब असेल तर रडार स्वच्छ दाखवतंय आणि बाहेर भुरभुर चालू आहे असं होऊ शकतं.

बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजायचा सेन्सर असतो, दाब घसरला की पाऊस येतो म्हणून लोक तो बघतात. पण उष्ण कटिबंधात दाब रोजच दोनदा चढतो-उतरतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. म्हणून दुपारची घसरण बघून घाबरू नका, काल याच वेळी किती होता त्याच्याशी तुलना करा. आणि फोन घेऊन माडीवर गेलात तरी आकडा बदलतो, साधारण आठ मीटरला एक हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक).

विजेचं एवढं पाठ ठेवा, चमकल्यापासून आवाजापर्यंत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

पायरी ६: जुना रेकॉर्ड काढणे

गावात केंद्र नसेल तर जुना रेकॉर्ड दोन प्रकारे मिळतो. एक, जवळच्या खऱ्या केंद्राचा, यासाठी मेटिओस्टॅट ही साइट चांगली आहे, पण मध्येच महिने गायब असतात आणि केंद्र किती लांब आहे, किती उंचीवर आहे ते तुम्हालाच बघावं लागतं. दोन, रिॲनालिसिस, म्हणजे जगभरच्या जुन्या नोंदी मॉडेलमध्ये घालून प्रत्येक चौकोनाचा मागचा इतिहास परत रचलेला असतो. यातला ईआरए५ हा १९४० पासूनचा आहे, चौकोन २५-३० किलोमीटरचा. ईआरए५-लँड १९५० पासूनचा, चौकोन त्याहून बराच बारीक. नासा पॉवर या नासाच्या साइटवर १९८१ पासूनचे रोजचे आकडे मिळतात. फक्त पाऊस हवा असेल तर चिर्प्स आहे, तोही १९८१ पासून, सॅटेलाइट आणि जमिनीवरची मापं एकत्र केलेली, चौकोन साधारण साडेपाच किलोमीटरचा.

सुरुवात ओपन-मेटिओच्या जुन्या हवामानाच्या पानावरून करा, घरगुती वापराला पैसे नाहीत, लॉगिनही नाही. अक्षांश-रेखांश टाका, सुरुवातीची आणि शेवटची तारीख टाका, रोजचं कमाल तापमान, किमान तापमान आणि एकूण पाऊस एवढ्या तीनच गोष्टींवर टिक करा, टाइमझोन आपला निवडा आणि सीएसव्ही फाइल डाउनलोड करा.

फाइल उघडल्यावर खाली पळू नका, वरच्या ओळी वाचा. तिथे अक्षांश-रेखांश परत लिहिलेले असतात आणि ते तुम्ही टाकलेल्यापेक्षा थोडे वेगळे असतात. ती चूक नाही, तो तुमच्या चौकोनाचा मधला बिंदू आहे. तो नकाशावर टाकून बघा. कधी तो डोंगराच्या पलीकडे निघतो, कधी धरणाच्या पाण्यात, आणि मग लगेच कळतं की हा आकडा नक्की कुठला आहे आणि आपल्या गावाला किती लागू होईल. मधला बिंदू डोंगराच्या पावसाळी बाजूला आणि गाव आडोशाच्या बाजूला असेल तर पावसाचे आकडे सरळ वापरूच नका.

टाइमझोन निवडायचा राहिला तर दिवस जीएमटीप्रमाणे कापला जातो, भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच ते साडेपाच, मग पहाटेचं किमान तापमान भलत्याच तारखेला जाऊन बसतं. याच जातीचा अजून एक गोंधळ पावसात होतो. पर्जन्यमापकातला पाऊस सकाळी वाचतात, भारतात साडेआठला, म्हणजे १५ तारखेला लिहिलेला पाऊस खरं तर १४ च्या सकाळपासून १५ च्या सकाळपर्यंतचा असतो, आणि मॉडेलची फाइल मध्यरात्र ते मध्यरात्र मोजते. दोन्ही शेजारी ठेवले की एका दिवसाने सरकलेले दिसतात आणि माणूस म्हणतो डेटाच बोगस आहे. रोजचे आकडे जुळवत बसण्यापेक्षा पाच किंवा दहा दिवसांची बेरीज जुळवून बघा.

तिसरी गोष्ट, मॉडेलला रिमझिम फार आवडते. जवळजवळ रोज ०.२, ०.४ मिलिमीटर दाखवतं आणि ज्या दिवशी गावावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला तो मात्र सगळ्या चौकोनावर पसरवून मिळमिळीत करून टाकतं. त्यामुळे पावसाचे दिवस मोजताना काहीतरी खालची मर्यादा लावा, जगात साधारण १ मिलिमीटर धरतात, भारतीय हवामान खातं २.५ धरतं. आणि 'गावात आजवरचा सगळ्यात मोठा पाऊस किती' या प्रश्नाचं उत्तर या फाइलमधून काढू नका, ते कमीच येणार.

बरीच वर्षं एकत्र बघायची असतील तर ओपन-मेटिओवरचा 'बेस्ट मॅच' हा पर्याय सोडून सरळ ईआरए५ निवडा. बेस्ट मॅचमध्ये अलीकडच्या वर्षांना वेगळं मॉडेल लागतं आणि जोडाच्या जागी आकड्यांत खोटी उडी दिसू शकते. १९७९ च्या आधीचे आकडेही जरा सैल हातानेच धरा, त्यानंतर सॅटेलाइटच्या नोंदी भरपूर मिळायला लागल्या.

पायरी ७: फाइलला नीट प्रश्न विचारा

'नॉर्मल' म्हणजे नेहमीचं हवामान काढायला ३० वर्षं घेतात, सध्या १९९१ ते २०२० चालतात. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल लावा, वर्ष उभं, महिना आडवा, पावसाची बेरीज. मग सरासरीवर थांबू नका. समजा पाच वर्षांचा एका महिन्याचा पाऊस ६०, ७५, ८०, ९० आणि ३४५ मिलिमीटर आहे. सरासरी येते १३०, पण पाचपैकी चार वर्षं पाऊस शंभराच्या आतच आहे. मधला आकडा ८०, तो तुम्हाला खरं सांगतो. ३० वर्षांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा, खालून सहावा म्हणजे पाचातल्या एका वर्षी होतो तसा कोरडा महिना, वरून सहावा म्हणजे तसाच ओला. पाण्याचा, पिकाचा, बांधकामाचा हिशेब या दोन टोकांवर करा.

अजून कामाचे प्रश्न म्हणजे हंगामात सलग कोरडे दिवस जास्तीत जास्त किती गेले, रात्रीचं तापमान १० च्या खाली पहिल्यांदा कोणत्या तारखेला गेलं, ४० च्या वर किती दिवस गेले. वार्षिक सरासरी तापमान वगैरे काढून फारसं काही हाती लागत नाही.

पायरी ८: स्वतःचं माप

एवढं सगळं करून गावाचा एकही खरा आकडा आपल्याकडे नसेल तर दुरुस्ती कशाशी करणार? पर्जन्यमापक घरी होतो. तोंडाचा व्यास ११.३ सेंटीमीटर असलेलं नरसाळं घ्या, त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर १०० चौरस सेंटीमीटर येतं, म्हणजे बाटलीत साठलेलं दर १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. दुसऱ्या मापाचं नरसाळं असेल तर मिलिलिटरला १० ने गुणा आणि क्षेत्रफळाने भागा. औषधाच्या सिरिंजने किंवा मापाच्या ग्लासने मोजा. बाटली अरुंद तोंडाची हवी म्हणजे पाणी उडून जात नाही, नरसाळ्याची कड सपाट हवी, जमिनीवरून शिंतोडे येणार नाहीत इतकं ते उंच हवं, आणि घर किंवा झाड जितकं उंच त्याच्या किमान दुप्पट लांब ठेवा. गच्चीवर ठेवू नका, वाऱ्यामुळे पाऊस कमी पकडला जातो.

तापमानासाठी कमाल-किमान थर्मामीटर, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, सावलीत, हवा खेळती असलेल्या जागी, भिंतीला चिकटवून नाही. हवामान केंद्रात जी पांढरी झडपांची पेटी दिसते ती थॉमस स्टीव्हनसन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरची कल्पना, तशी पेटी लाकडाची किंवा प्लास्टिकच्या उलट्या बश्या एकावर एक लावूनही करता येते. फोन दाखवतो ते तापमान एकतर इंटरनेटवरचं असतं नाहीतर त्याच्या बॅटरीचं.

पायरी ९: अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी लिहा

वहीत रोज एक ओळ. आदल्या संध्याकाळी ठरलेल्या एकाच ठिकाणाहून बघितलेला उद्याचा कमाल, किमान आणि पाऊस, शेजारी दुसऱ्या दिवशी खरं काय झालं ते, आणि आकाश निरभ्र होतं की ढगाळ. स्रोत मध्ये बदलू नका.

महिन्याने वजाबाकी करा. समजा किमान तापमानाचा अंदाज १६, १५, १७, १४ होता आणि प्रत्यक्षात १३, १२, १५, ११ आलं, फरक तीन, तीन, दोन, तीन. मग निरभ्र रात्री अंदाजातून पावणेतीन अंश वजा करा, झालं. ढगाळ रात्रींची सरासरी वेगळी काढा, तिथे फरक बहुतेक फारच कमी येतो. तापमानाची ही दुरुस्ती इतकी सोपी आहे आणि तिने इतका फरक पडतो की कोणी का करत नाही कळत नाही.

पाऊस जरा अवघड. चार खाने करा, सांगितला आणि आला, सांगितला पण नाही आला, नाही सांगितला तरी आला, नाही सांगितला आणि नाही आला. समजा ३० दिवसांत हे ७, ५, ३ आणि १५ आले. म्हणजे १२ वेळा सांगितला त्यातला ७ वेळा खरा, आणि १० वेळा आला त्यातला ७ वेळा आधी कळला. हे दोन आकडे वेगवेगळे ठेवा. ७ आणि १५ ची बेरीज करून '७३ टक्के अचूक' असं काढू नका, कारण कोरड्या महिन्यात रोज डोळे मिटून 'पाऊस नाही' म्हणणाराही ९५ टक्के अचूक ठरतो. १८८४ साली अमेरिकेत फिन्ले नावाच्या अधिकाऱ्याने टोर्नॅडोचे अंदाज दिले आणि ते ९६.६ टक्के अचूक निघाले, तेव्हा गिल्बर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने लक्षात आणून दिलं की रोज 'टोर्नॅडो नाही' एवढंच म्हटलं असतं तर ९८.२ टक्के आले असते.

फरक ऋतूप्रमाणे बदलतो, हिवाळ्यातली दुरुस्ती उन्हाळ्याला लावू नका, प्रत्येक ऋतूची वेगळी काढा. मॉडेलही अधूनमधून सुधारून बदलतात, त्यामुळे जुनी दुरुस्ती अचानक लागू पडेनाशी झाली तर नव्याने महिनाभर लिहा. आणि वहीच्या पहिल्या पानावर अक्षांश-रेखांश, उंची, मापक नक्की कुठे ठेवलाय आणि किती वाजता वाचता हे लिहून ठेवा, पुढे कधी मापकाची जागा बदलली किंवा शेजारी झाड वाढलं तर तारखेसकट नोंद करा, नाहीतर चार वर्षांनी पाऊस कमी झाला की झाडाने अडवला हे कोणालाच सांगता येणार नाही.